धसका घेतलेली बाई तुरुंगात येते तेव्हा : खानदेशातल्या कार्यकर्त्यांसाठी आणि रक्षक भगिनींसाठी

महिला बरॅकच्या दाराशी किल्ल्यांचा जुडगा वाजला की ती बाई भिंतीकडे तोंड करून अंग चोरून बसायची. गिनतीला (कैद्यांच्या रोजच्या मोजणीला) उभी राहायची नाही, जेवणाला उठायची नाही. 'नाटकं करते' असा शेरा तिच्या नावापुढे पक्का झाला होता. दीड-दोन महिन्यांनी तिनेच सांगितलं की नवरा तिला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावून जायचा आणि रात्री पिऊन आला की ते कुलूप उघडायचा. हे कळल्यावर एका रक्षक ताईने एवढंच सुरू केलं : किल्ली लावण्याआधी बाहेरूनच आवाज द्यायचा, "माय, मीच आलेय, गिनती घ्यायची आहे, दार उघडते." चार-पाच दिवसांत ती बाई गिनतीला उभी राहू लागली.

खानदेशातल्या कारागृहांत मी बरीच वर्षं समुपदेशनासाठी जाते. या लेखातल्या बायकांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, बाकी सगळं अनुभवातलं आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती त्या ताईने केली तीच : आधी सांगायचं, मग करायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका वाक्याला धरून आहेत.

धसका म्हणजे नेमकं काय होतं

'मानसिक आघात' हा शब्द कागदावर ठीक आहे. आपल्याकडे बायका 'धसका घेतला' म्हणतात आणि तो शब्द मला जास्त खरा वाटतो, कारण त्यात शरीर आहे. मारहाण, बलात्कार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, पोलीस कोठडीतली रात्र, यांपैकी काही घडून गेलं तरी शरीराला ते संपलेलं कळत नाही. धोक्याची घंटा आत वाजतच राहते. मग साध्या आवाजाने, वासाने, मागून पडलेल्या हाताने अंग पुन्हा त्याच घटकेत जाऊन पोचतं.

अशा वेळी माणूस चवताळतं, नाहीतर पळू पाहतं, नाहीतर थिजतं. यांतलं काहीच ठरवून होत नाही. तुरुंगात मात्र चवताळणारीला उर्मट ठरवतात, कोपऱ्यात पळणारीला कामचुकार आणि थिजलेलीला ढिम्म. थिजलेलीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, कारण ती कुणाला त्रास देत नाही. माझ्या अनुभवात तिचीच काळजी सगळ्यात आधी घ्यायला हवी.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भीतीच्या क्षणी मेंदू घटना ओळीने नोंदवत नाही. वास राहतो, आवाज राहतो, तारीख-वार राहत नाही. म्हणून तीच बाई पोलिसाला एक सांगते, डॉक्टरला दुसरं आणि वकिलाला तिसरं. एवढ्यावरून ती खोटं बोलते असं धरून चालू नका.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यात बायका २३,७७२, म्हणजे शंभरात चारच्या आसपास. म्हणून तुरुंगाची बांधणी, वेळापत्रक, नियम सगळं पुरुषांच्या हिशेबाने झालेलं. भायखळ्याला आणि येरवड्याला बायकांसाठी वेगळं कारागृह तरी आहे. आपल्याकडे जिल्हा कारागृहाच्या एका कोपऱ्यात भिंत घालून महिला विभाग केलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये स्त्री बंद्यांसाठी ७० नियम मंजूर केले, त्यांना बँकॉक नियम म्हणतात. त्यातला बारावा नियम सांगतो की स्त्री बंद्यांची मानसिक काळजी त्यांच्या आघाताची जाण ठेवून घेतली जावी. अधिकाऱ्यांशी बोलताना हा आधार उपयोगी पडतो. 'मॅडमच्या मनाला वाटलं म्हणून' आणि 'नियम आहे म्हणून' यांत कार्यालयात फार फरक पडतो.

आत जाण्याआधी

अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या, आणि जाण्याचा वार व वेळ ठरवून घ्या. पाच जणींशी घाईने बोलण्यापेक्षा ठरल्या वारी नेमाने जाणं मोलाचं आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ओळीने अठरा रविवार, आणि साने गुरुजी ती उतरवून घेत होते, हे खानदेशात बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मला त्यातला रविवार महत्त्वाचा वाटतो. आत दिवसाला दिवस चिकटलेला असतो. 'बुधवारी ताई येते' एवढ्या एका खुंटीला आठवडा टांगता येतो.

म्हणूनच ज्या बुधवारी जमणार नाही त्याची खबर आदल्या बुधवारीच द्या. अचानक अडचण आली तर कार्यालयात फोन करून निरोप पोचवायला सांगा. जिला आयुष्यभर लोकांनी वाटेल तेव्हा सोडलं, तिच्या लेखी तुमचं न सांगता न येणं हीसुद्धा तीच गोष्ट ठरते. आणि जे हातात नाही ते कबूल करू नका. 'जामीन होऊन जाईल' हे वाक्य मी एकदा धीर देण्यासाठी बोलले होते. जामीन फेटाळला गेला, आणि ती बाई पुढे तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

पहिले तीन दिवस

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. आत्महत्येचा धोका, व्यसन सुटल्याचा त्रास, पोरांची काळजी, सगळं याच बहात्तर तासांत एकवटतं.

सुरुवात होते झडतीने. झडती टळत नाही, पण ती कशी घ्यायची हे आपल्या हातात आहे. कायद्याने ती बाईनेच घ्यायची असते आणि मर्यादा राखूनच. मी रक्षक भगिनींना सांगते : आडोसा करा, दार ढकलून घ्या, तिथे हव्यात तेवढ्याच बायका ठेवा. काय करणार ते आधी सांगा : "आता मी केस बघणार, मग पोलक्याची शिवण, मग साडीचा घोळ. तुम्हीच उकलून दाखवा, मी हात लावण्याआधी सांगेन." कपडे उतरवायची वेळच आली तर आधी वरचे उतरवून, बघून, परत घालू द्या आणि मगच खालचे. पूर्ण उघडं कुणालाही उभं करू नका. पाळी चालू आहे का ते हळू आवाजात विचारा आणि पॅड बदलायला दुसरं हातात द्या. एवढ्याने झडतीला दोन मिनिटं जास्त लागतात. शिपाई कमी, गर्दी जास्त, हे मला माहीत आहे. तरी ती दोन मिनिटं काढाच, कारण पुढचे सहा महिने ती बाई तुमच्याशी कशी वागेल ते तिथेच ठरतं.

मग तब्येत. बँकॉक नियमांप्रमाणे आत येतानाच्या तपासणीत अंगावरच्या दुखण्याइतकीच मनाच्या दुखण्याची, आत्महत्येच्या विचारांची आणि पूर्वी झालेल्या लैंगिक अत्याचाराची दखल घ्यायची असते. याचा अर्थ पहिल्याच रात्री सगळं वदवून घ्यायचं असा नाही. "घरात कुणाचा हात उचलायचा का? आत्ता कुठे दुखतंय का? मरावंसं वाटतंय का?" असे दोन-चार सरळ प्रश्न, आणि "उत्तर आज दिलं नाही तरी चालेल, नंतर सांगता येईल" ही सूट.

व्यसनाबद्दल विचारायला लाजू नका. आपल्याकडे मिशेरी आणि तंबाखू सर्रास आहे. ती एकदम तुटली की चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं हे होणारच, त्याला मुजोरी समजू नका. दारूचं मात्र वेगळं. सातपुड्याच्या पट्ट्यात मोहाची दारू घराघरांत असते, आणि रोज पिणारीची दारू एकाएकी बंद झाली की काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन ती नसलेलं पाहू-ऐकू लागते. हे जिवावर बेतू शकतं. अंगात आलं म्हणून किंवा वेड लागलं म्हणून तिला वेगळ्या खोलीत टाकू नका, रात्र असली तरी डॉक्टरला बोलवा.

झोपायची जागा हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. नव्या बाईला बहुतेक वेळा दाराशी किंवा संडासाशी जागा मिळते. शक्य असेल तर तिला भिंतीकडची जागा द्या, जिथून दार दिसतं आणि पाठ उघडी पडत नाही. रात्री कोण ड्युटीवर आहे, दिवा चालू राहणार की बंद होणार, पहाटे गिनती किती वाजता, हे झोपण्याआधी तिला सांगा. मे महिन्यात खानदेशात पारा ४४-४५ वर जातो, बरॅक रात्रभर तापलेली असते. धसकलेल्या बाईची झोप आधीच तुटकी, त्यात हा उकाडा. प्यायचं पाणी हाताशी आणि पंख्याखाली आळीपाळीने जागा, एवढंही त्या महिन्यात मोठं औषध आहे.

बोलायला बसताना

दाराच्या आणि तिच्या मध्ये बसू नका. समोरासमोर डोळ्यांत डोळे घालून बसण्यापेक्षा थोडं तिरकं बसा. आधी सांगा : मी कोण, किती वेळ बसणार, मी पोलिसांची किंवा कोर्टाची माणूस नाही, आणि बोलायचं नसेल तर नुसतं बसलं तरी चालेल.

तिची भाषा येत असेल तर तीच बोला. अहिराणी बोलणारीला "बठ माय, तुले पानी जोयजे का?" असं विचारलं की खांदे खाली येतात, हे मी किती वेळा पाहिलंय. धडगाव, अक्कलकुव्याकडून येणाऱ्या पावरा आणि भिल्ल बायकांचा प्रश्न कठीण आहे. त्यांना पुष्कळदा मराठीच कळत नाही, कोर्टात काय झालं तेही कळलेलं नसतं. अशा वेळी जवळच्या दुसऱ्या बंदी बाईला मध्ये घेऊन बोलण्याचा मोह होतो. जेवण, औषध, तारीख यांसाठी घ्या. आतल्या गोष्टीसाठी कधीच नको. रात्रीपर्यंत ते सगळ्या बरॅकला ठाऊक झालेलं असतं. विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, त्या भाषेचा विधी स्वयंसेवक मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गुन्ह्याबद्दल विचारू नका. 'तू काय केलंस' हा प्रश्न तर नकोच, 'नेमकं काय झालं होतं' हाही नको. एक कारण मनाचं आहे : एका बैठकीत सगळं उकरून काढल्याने धसका हलका होत नाही, उलट वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनाही संकटातून आलेल्या माणसाला एका बैठकीत सगळं ओकायला लावणं योग्य मानत नाही. दुसरं कारण कायद्याचं आहे आणि नव्या कार्यकर्त्यांना ते कुणी सांगत नाही. खटला चालू असलेल्या बाईने तुमच्यापाशी कबुली दिली, तर तुम्हाला साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. पोलिसापुढची कबुली कोर्टात तिच्याविरुद्ध चालत नाही, तुमच्यापुढची चालू शकते. म्हणून ती त्या दिशेने बोलू लागली की मी हळूच थांबवते : "हे वकिलांना सांग माय. माझ्याजवळ झोपेचं सांग, पोटाचं सांग, पोरांचं सांग." आणि माझ्या वहीत गुन्ह्याचा एक शब्दही लिहीत नाही.

गुप्ततेची हद्दही पहिल्याच दिवशी सांगून टाका. बाकी काही बाहेर जाणार नाही, पण तू स्वतःच्या जिवाचं काही करणार असशील किंवा दुसरीच्या, तर मला डॉक्टरला आणि अधिकाऱ्याला सांगावं लागेल. हे नंतर सांगितलं की विश्वासघात होतो.

मग विचारायचं तरी काय? माझा पहिला प्रश्न वर्षानुवर्षं एकच आहे : "पोरे कोनजोडे शेतस?" पोरं कोणाजवळ आहेत. ज्यांना पोरं आहेत त्यांच्या डोक्यात दुसरं काही नसतंच.

ती मधेच 'तिकडे' गेली तर

बोलता बोलता नजर स्थिर होते, हात गार पडतात, हाक ऐकू येत नाही. किंवा एकदम किंचाळते. ती आत्ता इथे नाही, त्या जुन्या घटकेत आहे. तिला धरू नका, हलवू नका, घेराव घालू नका. बाकीच्यांना दोन पावलं मागे घ्या. शांत आवाजात, तिच्या नावाने, आत्ताचं सांगत राहा : आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, मी कोण आहे, इथे दाराशी कोण आहे.

डोळे मिटायला सांगू नका. ध्यानाच्या वर्गातून शिकून आलेले लोक हमखास ही चूक करतात. डोळे मिटले की तिला तेच दिसतं. त्याऐवजी पाय जमिनीवर दाबायला सांगा, फरशीचा गारवा जाणवतो का विचारा. पाच दिसणाऱ्या गोष्टी मोजायला सांगा : खिडकी, बादली, दोरीवरचं लुगडं. गार पाण्यात हात बुडवू द्या. श्वासासाठी मी फुंकणीचं उदाहरण देते : चूल पेटवताना फुंकणीतून जसं सावकाश लांब फुंकतो, तसा श्वास सोडायचा. घ्यायचा कसा ते शिकवायची गरज पडत नाही. सोडणं लांबलं की छातीची धडधड आपोआप उतरते. एका आजीबाईने यावर आपली युक्ती काढली होती. ती हवेतच भाकरी थापायची, दोन्ही तळहात, ठेका धरून. दुसऱ्या दोघीतिघी तिच्याकडून शिकल्या.

शुद्धीवर आल्यावर 'काय आठवलं' असं विचारू नका. पाणी द्या, थोडा वेळ बसा, पुढे काय होणार ते सांगा. कशाने झालं असावं ते स्वतःशी नोंदवा : दारूचा वास, पुरुषाचा चढा आवाज, एखादं मलम. पुढच्या वेळी तेवढं टाळता येतं का ते रक्षक ताईंशी बोलून ठरवा.

मरणाचं बोलणं

विचारल्याने मनात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. सरळ विचारा : "जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलंय का?" पद्धत ठरली असेल, साधन हाताशी असेल, तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत न्या. 'पुन्हा असं करणार नाही' म्हणून सही किंवा शपथ घेण्यात काही अर्थ नाही, त्याने कुणी वाचत नाही. वाचवते ती सोबत.

तिला एकांत कोठडीत ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. प्रयत्न करून वाचलेल्या बाईवर गुन्हा दाखल करण्याची भाषा कुणी केली, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम दाखवा. तिच्यावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायचं असतं, शिक्षा करायची नसते, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर येते. तुरुंगात मानसोपचारतज्ज्ञ रोज नसतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलतात. कारागृहाच्या कार्यालयातून तो लावून देता येईल का ते आधीच ठरवून ठेवा, वेळ आल्यावर परवानगी शोधत बसू नका.

झोपेच्या गोळ्यांबद्दल एक आग्रह. बरॅक शांत राहावी म्हणून सगळ्यांना सरसकट गोळी देण्याची सवय काही ठिकाणी असते. गुंगीच्या गोळ्या धसक्यावरचा इलाज नाहीत, त्यांची सवय लागते, आणि जिच्यावर झोपेत अत्याचार झालेत तिला गुंगीचीच भीती वाटते. गोळी कशाची, किती दिवस, याचं उत्तर डॉक्टरांनी तिला द्यायला हवं. तुम्ही तिच्या वतीने विचारा.

दवाखाना आणि बाळंतपण

सिव्हिलला नेताना कुठे, कशासाठी, किती वेळ, बरोबर कोण, हे निघण्याआधी सांगा. अंतर्तपासणी बाई डॉक्टरने, पोलीस पडद्याबाहेर, आणि मधेच 'थांबा' म्हटलं तर थांबायचं, हे तिला आणि डॉक्टरांना दोघांनाही ऐकू जाईल असं बोला. प्रसूतीच्या कळा चालू असताना, बाळंत होताना आणि लगेच नंतर बेड्या घालायच्या नाहीत, हे बँकॉक नियमांत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये तुरुंगातल्या आया आणि लेकरांबद्दल निकाल दिला. बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरच्या दवाखान्यात करायचं, जन्मदाखल्यावर तुरुंगाचा उल्लेख नको, आणि लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं.

ते लेकरू सहा वर्षांचं झालं की आईपासून सुटतं, आणि ही ताटातूट माझ्या मते तुरुंगातला सगळ्यात मोठा नवा घाव आहे. म्हणून तिची तयारी वर्षभर आधी सुरू करा. पोराला कोण नेणार, त्या घरी तो आधी दोन-चार वेळा राहून येईल का, आईची मुलाखत (तुरुंगातली भेट) किती दिवसांनी होईल, हे ठरवा. 'रात्री झोपलं असताना नेऊ म्हणजे रडणार नाही' असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. आईला निरोप घेऊ द्या.

बाहेर राहिलेल्या पोरांसाठी बालकल्याण समितीला लिहा. आई किंवा वडील तुरुंगात असलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. मामा-मावशीजवळ पोरं राहिलेल्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं. कारागृहात गळाभेट (पोरांना जवळ घेऊन भेटता येतं तो कार्यक्रम) असेल तेव्हा आईला आदल्या दिवशी समजावून ठेवा की पोर ओळखणार नाही, जवळ येणार नाही, असंही होऊ शकतं.

जड जाणाऱ्या तारखा

कोर्टाची तारीख, जामिनाचा निकाल, मुलाखतीला कुणी न येणं, पोराचा वाढदिवस, आणि सण. बँकॉक नियमांमध्येही म्हटलंय की बायकांना कोणत्या वेळी जास्त त्रास होतो ते कर्मचाऱ्यांनी ओळखून असावं. आपल्याकडे ती वेळ म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीयेचा सण. सासुरवाशीण माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते, तो दिवस आत कसा जात असेल? आणि जिच्या माहेराने नाव टाकलंय तिचा? एका आखाजीला आम्ही हौसेने गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आणि निम्म्या जणी उठून गेल्या. तेव्हापासून आधी विचारते : गाणी हवीत की नकोत, कुणाला त्या वेळी एकटं बसायचंय. श्रावणात कानबाई या देवीच्या सणावेळीही तसंच. वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकीच्या अशा तारखा वहीत लिहून घ्या आणि त्या आठवड्यात चुकू नका.

कायद्याची दोरी

अंधारात राहणं हाही आघातच आहे. आपली केस कुठवर आलीय हे न कळणाऱ्या बाईला कितीही श्वास शिकवा, झोप येणार नाही. प्रत्येक स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. १५१०० वर फोन करता येतो, आणि जिल्ह्याला लोकअभिरक्षक कार्यालय (आरोपींना मोफत वकील देणारं) असतं. स्त्री आहे हे जामिनाच्या वेळी कोर्ट विचारात घेऊ शकतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने (ज्याचा खटला अजून चालू आहे) कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर सुटकेचा विचार होतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. हे 'नाही'सुद्धा तिला स्पष्ट सांगा.

सुटकेचा दिवस

जामिनाचा कागद बहुतेक संध्याकाळी पोचतो, आणि बाई अंधारात फाटकाबाहेर येते, हातात पिशवी, बस गेलेली. म्हणून सुटकेचं बोलणं आत आल्या महिन्यापासूनच सुरू करा. कोण घ्यायला येईल? कोणत्या घरी जायचं नाही? ज्याने मारलं त्याच घरात जाणार असेल तर सखी वन स्टॉप सेंटरचा (अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा) पत्ता, नंबर तिच्याकडून तोंडपाठ करून घ्या. कागदावर लिहिलेलं त्याच्या हाती लागतं. सातपुड्यात जिला गावाने डाकीण ठरवलं तिची भीती मनाचा खेळ समजू नका. तिला त्या गावात परत पाठवणं धोक्याचं असू शकतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घेऊन पोलिसांशी आधी बोला, दुसरी जागा शोधा.

आधार कार्ड, औषधं किमान पंधरा दिवसांची, एसटीचे पैसे (बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी धडगावपर्यंतचा हिशेब मांडून द्या), आणि एक असा फोन नंबर जिथे रात्री कुणीतरी उचलेल. शहाद्याला गाडी बदलायची असेल तर तेही सांगा.

रक्षक भगिनींबद्दल थोडं. त्या हे सगळं रोज पाहतात, त्यांच्या स्वतःच्या घरीही कधी हेच चाललेलं असतं, आणि त्यांना विचारणारं कुणी नसतं. महिन्यातून एकदा अर्धा तास त्यांच्यासाठी मागून घ्या. त्यांचं आधी ऐका, शिकवायचं नंतर. किल्लीआधी आवाज देणारी ती युक्ती कुठल्या प्रशिक्षणातून आली नव्हती, अशाच एका अर्ध्या तासात चहा पिता पिता त्या ताईला सुचली होती.

सुटल्यानंतर तिसऱ्या दिवशी फोन करा. तिसऱ्या दिवसापर्यंत पाहुणे येऊन गेलेले असतात आणि घर गप्प झालेलं असतं. 'कशी आहेस' विचारलं की 'बरी आहे' म्हणेल. त्यापेक्षा विचारा, काल रात्री कुठे झोपलीस, दाराची कडी आतून लागते का, आणि पोरं जवळ आली का.